गळती कुठे, बादली कुठे

न्यूकॅसलच्या मैदानावर 5 फेब्रुवारी 2011 रोजी आर्सेनल सव्विसाव्या मिनिटालाच 4-0 ने पुढे होतं. मध्यंतरानंतर लगेच अबू दियाबीने डोक्यात राख घालून घेतली आणि लाल कार्ड पदरात पाडून घेतलं. 68 व्या मिनिटापासून पुढच्या वीस मिनिटांत चार गोल बसले, त्यांतले दोन पेनल्टीवर, आणि सामना 4-4 असा सुटला. चार गोलांची आघाडी घालवणारा प्रीमियर लीगमधला तो पहिला संघ. त्या दिवसानंतर आर्सेनलच्या चाहत्याला कुठलीच आघाडी पुरेशी वाटेनाशी झाली.

पुढची दहा वर्षं या चाहत्यांनी ज्या तक्रारी केल्या, त्या कुठल्याही गळक्या संघाचे चाहते करतात त्याच होत्या. बचावपटू कुचकामी आहेत, प्रशिक्षक बचाव शिकवतच नाही, मालक पैसा सोडत नाही. आर्सेनलचं वेगळेपण इतकंच की या तक्रारींची शहानिशा करायला लागणारा सगळा पुरावा आता आपल्या हाताशी आहे. मॅनेजर बदलले, बचावपटू बदलले, मालकाचा हात सैल झाला आणि शेवटी गोल बसायचेही कमी झाले. चाहते कुठे बरोबर होते आणि कुठे भलत्यालाच धरून बसले होते, हे त्यामुळे तपासता येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. दुखणं त्यांनी अचूक ओळखलं होतं, पण त्याचं खापर बहुतेक वेळा चुकीच्या माणसाच्या डोक्यावर फोडलं.

हा राग समजून घ्यायचा तर जरा मागे जावं लागतं. जॉर्ज ग्रॅहम 1986 ते 1995 या काळात मॅनेजर होते आणि तेव्हा 1-0 हा निकाल म्हणजेच आर्सेनलची ओळख होती. ली डिक्सन, टोनी अ‍ॅडम्स, स्टीव्ह बोल्ड आणि नायजेल विंटरबर्न या चौघांच्या हाती एकच दोरी देऊन ग्रॅहम त्यांना सरावात पुढे-मागे हलवायचे, रांग मोडू नये म्हणून, असं सांगतात. दोरीच्या गोष्टीला मीठमसाला लागला असेल. 1990-91 च्या आकड्यांना तो लागलेला नाही. त्या हंगामात 38 सामन्यांत आर्सेनलवर फक्त 18 गोल झाले, संघ एकच सामना हरला आणि विजेता ठरला. ज्या चाहत्यांचं बालपण या संघावर पोसलं गेलं, त्यांना पुढे आपल्या गोलसमोर उडणारी धांदल बघवत नव्हती, यात नवल नाही.

आर्सेन वेंगर 1996 मध्ये आले तेव्हा ही फळी, मार्टिन कीओन आणि गोलरक्षक डेव्हिड सीमन यांच्यासह, त्यांना आयती मिळाली. 1998-99 मध्ये तिने अवघे 17 गोल होऊ दिले. यावरून चाहत्यांमध्ये एक समज रूढ झाला की वेंगर ग्रॅहमच्या पुण्याईवर जगले आणि त्यांना स्वतःला बचाव कधी कळलाच नाही. हा समज 2003-04 च्या हंगामापुढे टिकत नाही. एकही सामना न हरता लीग जिंकणाऱ्या त्या संघावर 26 गोल झाले, आणि त्याची बचावफळी पूर्णपणे वेंगर यांच्या हातची होती. त्यातही लॉरेन आणि कोलो तुरे हे मुळात मधल्या फळीतले खेळाडू. वेंगर यांनीच त्यांचे बचावपटू केले. दोन वर्षांनी चॅम्पियन्स लीगमध्ये याच वेंगर यांच्या संघाने सलग 10 सामने गोल होऊ दिला नाही. तेव्हा डाव्या बाजूला मॅथ्यू फ्लॅमिनी हा आणखी एक मधल्या फळीतला गडी बचाव सांभाळत होता, आणि प्रशिक्षणाचे धडे घेत असलेला कीओन सरावात बचावपटूंवर मेहनत घेत होता. बचाव शिकवायला वेगळा माणूस लागतो, हे चाहत्यांचं म्हणणं या एका हंगामाने खरं ठरवलं. पण त्याच हंगामाने दुसरीही एक गोष्ट दाखवली, तिच्याकडे कमी जणांचं लक्ष गेलं. फळी कोणाचीही असो, तिच्यापुढे गिल्बर्टो सिल्वा उभा होता. 2003-04 मध्ये त्याच्या जोडीला पॅट्रिक व्हिएरा होता.

कोकणातल्या घरात पावसाळ्यात कौल एकीकडे सरकलेलं असतं, पाणी वाशावरून वाहत येऊन दुसरीकडेच टपकतं, आणि बादली ठेवली जाते ती टपकणाऱ्या जागी. आर्सेनलचं तेच झालं. व्हिएराला 2005 मध्ये युव्हेंटसला विकलं. फ्लॅमिनी 2008 मध्ये करार संपवून फुकटात मिलानला गेला, त्याच उन्हाळ्यात गिल्बर्टोही गेला. चेंडू हिसकावणारी, प्रतिस्पर्ध्याची धाव मधेच तोडणारी माणसं गेली आणि त्यांच्या जागी त्या तोडीचं कोणी आलं नाही. गोल मात्र मागे बसत होते, म्हणून शिव्या मागच्यांना.

28 ऑगस्ट 2011 चा ओल्ड ट्रॅफर्डवरचा 8-2 हा पराभव सगळ्यांना आठवतो. 1896 नंतर आर्सेनलवर एका सामन्यात आठ गोल झाले नव्हते. एकोणीस वर्षांच्या बचावपटू कार्ल जेनकिन्सनला लाल कार्ड मिळालं आणि त्या दुपारचा बकरा तोच झाला. प्रत्यक्षात त्या महिन्यात क्लबने सेस्क फाब्रेगास आणि समीर नासरी या दोघांना विकून मधली फळीच मोकळी केली होती. तिथे फ्रान्सिस कॉकलँ नावाचा वीस वर्षांचा पोरगा लीगमधला आपला पहिलावहिला सामना खेळत होता. सामन्याला गेलेल्या चाहत्यांना क्लबने पुढच्या एका बाहेरगावच्या सामन्याचं तिकीट फुकट देऊ केलं, आणि तीन दिवसांनी, खरेदीची मुदत संपता संपता, पेर मेर्टेसाकरसह धडाधड खेळाडू घेतले. वरातीमागून घोडे. कॉकलँला मात्र पुढे दुसऱ्या क्लबांकडे उसना पाठवलं. डिसेंबर 2014 मध्ये, दुखापतींनी संघ जेरीस आल्यावर, त्याला दुसऱ्या श्रेणीतल्या चार्लटनकडून परत बोलावलं. जानेवारीत तो बचावफळीपुढे उभा राहिला आणि मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर 2-0 ने हरवलं. त्या हंगामात 36 गोल बसले, आदल्या हंगामापेक्षा पाच कमी.

तो आदला हंगाम, 2013-14, या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. लीगमध्ये एकूण 41 गोल झाले. आकडा काही भयंकर नाही. पण त्यांतले 20 गोल चार सामन्यांत झाले: मँचेस्टर सिटीकडून 6, लिव्हरपूलकडून 5, चेल्सीकडून 6 आणि एव्हर्टनकडून 3. चारही सामने बाहेरचे. उरलेल्या 34 सामन्यांत 21 गोल. मेर्टेसाकर आणि लॉरेंट कॉसिएल्नी ही जोडी कुचकामी असती तर हा दुसरा आकडा आलाच नसता. मग त्या चार दुपारी काय बिघडत होतं? आर्सेनल ताकदवान संघाच्या घरी जाऊनही आपल्या घरच्यासारखंच खेळायला बघत होतं. दोन्ही फुल-बॅक पुढे चढलेले, दोन सेंटर-बॅक मध्यरेषेजवळ, त्यांच्या पाठीमागे अर्धं मैदान ओसाड. मधे चेंडू हिसकावला गेला की प्रतिस्पर्ध्याचे तीन-चार धावपटू आणि आपले दोन. मेर्टेसाकरला पळता येत नाही ही ओरड खरीच होती. पण ज्याला पळता येत नाही हे जगाला ठाऊक आहे, त्याला पळावं लागेल अशा जागी उभं करणारा तो स्वतः नव्हता. लिव्हरपूलने वीस मिनिटांत चार गोल केले. त्यांतले पहिले दोन स्टीव्हन जेरार्डच्या फ्री किक आणि कॉर्नरवर मार्टिन श्कर्टेलने घातलेले, म्हणजे ते मैदानावरच्या मांडणीचे नव्हे, सरावाच्या आळसाचे. तेवढ्यापुरतं चाहत्यांचं बोट योग्य जागी होतं.

चेल्सीविरुद्धचा सामना, 22 मार्च 2014, हा वेंगर यांचा आर्सेनलचा मॅनेजर म्हणून हजारावा. सात मिनिटांत 2-0. पंधराव्या मिनिटाला अ‍ॅलेक्स ऑक्सलेड-चेंबरलेनने गोलच्या दिशेने मारलेला चेंडू हाताने अडवला, आणि रेफरीने लाल कार्ड दाखवलं ते किएरन गिब्जला. ऑक्सलेड-चेंबरलेन स्वतः पुढे होऊन सांगत होता की हात माझा होता. ऐकलं कोणी नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, तेही चोर कबुली देत असताना! त्या दिवशी रेफरीने एकदा केलं ते चाहते दर आठवड्याला करत होते.

मालकाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण त्यात वाद कमी आहे. एमिरेट्स स्टेडियम 2006 मध्ये उभं राहिलं, त्याचं कर्ज फेडण्यासाठी वर्षानुवर्षं चांगले खेळाडू विकले गेले. चाहते इंग्लंडमधली सर्वांत महागडी म्हणावी अशी तिकिटं घेत राहिले. अमेरिकेत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे स्टॅन क्रोएन्के 2011 मध्ये बहुसंख्य शेअर्सचे आणि 2018 मध्ये पूर्ण क्लबचे मालक झाले. त्यासरशी सर्वसाधारण सभेत उभं राहून प्रश्न विचारण्याचा छोट्या भागधारक चाहत्यांचा हक्कही गेला. 2015 च्या उन्हाळ्यात क्लबने गोलरक्षक पेट्र चेक घेतला आणि पहिल्या संघासाठी मैदानात खेळणारा दुसरा एकही खेळाडू घेतला नाही. इथे चाहत्यांनी केलेला आरडाओरडा शंभर टक्के रास्त होता. मात्र क्लबचा मालक दूरच्या देशात, खेळाडू पळत बसमध्ये, आणि हाताला लागण्यासारखा एकटा मॅनेजर. राग सगळ्यांचा, मार एकाला.

तो मार कसा होता याचे दोन-तीन नमुने पुरेत. डिसेंबर 2014 मध्ये स्टोककडून 3-2 ने हरल्यावर वेंगर रेल्वे स्टेशनवर गाडीत चढत असताना त्यांच्याच क्लबच्या चाहत्यांनी त्यांना फलाटावरून शिव्या घातल्या. त्याच घोळक्यातून जोएल कॅम्पबेल या तरुण खेळाडूला, वेळ आहे तोवर निघून जा, असा सल्लाही दिला गेला. वेंगर तेव्हा 65 वर्षांचे होते आणि त्यांनी या क्लबला तीन वेळा लीग जिंकून दिली होती. मार्च 2017 मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या मैदानावरून एका विमानाने वेंगर यांना घालवा असं फडकं ओढत नेलं, आणि त्याच सामन्यात दुसरं विमान त्यांच्या बाजूचं फडकं घेऊन आलं. भाऊबंदकी आता आकाशात पोचली होती. नोव्हेंबर 2017 मध्ये हरारेत लोक रॉबर्ट मुगाबे यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, तर त्या मोर्चातही वेंगर यांना हटवा असा फलक दिसला. मला स्वतःला या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा मार्च 2018 मधली, बर्फातल्या रात्रीची सिटीविरुद्धची लढत जास्त बोलकी वाटते. तिकिटं आधीच विकली गेलेली, खुर्च्या मात्र मोठ्या संख्येने रिकाम्या. पैसे भरूनही घरी बसावंसं वाटणं, ही तक्रार कुठल्याही फलकापेक्षा जड.

आपल्याकडे हा राग रात्री जागून पोसला जातो. 7 मार्च 2017 ला बायर्न म्युनिकविरुद्धचा सामना भारतात मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता सुरू झाला. पहिली लढत 5-1 ने हरलेल्या आर्सेनलसाठी मुंबई-पुण्याची पोरं गजर लावून उठली, आणि संघ पुन्हा 5-1 ने हरला. एकूण 10-2. सकाळच्या लोकलमध्ये झोप काढणाऱ्या माणसाने प्रशिक्षकाला दोन शब्द सुनावले तर त्याला फार दोष देता येत नाही.

गंमत म्हणजे त्याच हंगामात उत्तरही सापडलं होतं. एप्रिलमध्ये वेंगर यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा तीन सेंटर-बॅकची मांडणी केली. एफए कपच्या अंतिम सामन्याला कॉसिएल्नी निलंबित, दुसरे दोघे जायबंदी. म्हणून संपूर्ण हंगामात अवघी 37 मिनिटं खेळलेल्या मेर्टेसाकरला उतरवावं लागलं. समोर लीगविजेतं चेल्सी आणि त्यांचा स्ट्रायकर दिएगो कोस्टा. दोन्ही बाजूंना साथीदार असलेल्या, मागे पळावं न लागणाऱ्या मेर्टेसाकरने आयुष्यातला बहुधा सर्वोत्तम सामना खेळला आणि आर्सेनल 2-1 ने जिंकलं. माणूस तोच, पाय तेवढेच मंद. फरक मांडणीचा होता. प्रशिक्षकावरचा आरोप मला पटतो तो इथे. वेंगर यांना बचाव कळत नव्हता असं नाही. कळत असूनही त्यांना तो दुय्यम वाटत होता, आणि नाक दाबल्याशिवाय ते तोंड उघडत नव्हते.

मग 2018 मध्ये वेंगर गेले. त्यांच्या शेवटच्या हंगामात लीगमध्ये 51 गोल बसले होते. नवे मॅनेजर उनाई एमेरी यांच्या पहिल्या हंगामात किती बसले? 51. प्रशिक्षक हटवला की भोक बुजतं असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत. एमेरी यांचं दुसरं वर्ष तर आणखी वाईट. सप्टेंबर 2019 मध्ये वॅटफोर्ड हा तळाचा संघ, त्याच्याविरुद्ध 2-0 आघाडी. गोलकिक पेनल्टी बॉक्सच्या आतच घेण्याची नवी मुभा मिळाली होती आणि आर्सेनलचा हट्ट होता की चेंडू गोलपासून छोट्या-छोट्या पासांनीच बाहेर काढायचा. बचावपटू सोक्रातिसने आपल्याच बॉक्समधून दिलेला पास वॅटफोर्डच्या पायात गेला आणि गोल झाला. मग बचावपटू दाविद लुईझच्या चुकीमुळे वॅटफोर्डला पेनल्टी मिळाली. 2-2. वॅटफोर्डने त्या दुपारी 31 फटके मारले. चाहते सोक्रातिस आणि लुईझवर तुटून पडले, जे स्वाभाविक आहे. पण ज्या खेळाडूला दबावाखाली नेमका पास देता येत नाही त्याला तो देण्याची जबाबदारी कोणी दिली? नोव्हेंबर संपता संपता एमेरी यांना घरी पाठवलं. ते वाईट प्रशिक्षक होते का? त्याच एमेरी यांनी 2021 मध्ये व्हिलारेयालला युरोपा लीग जिंकून दिली, वाटेत उपांत्य फेरीत आर्सेनललाच हरवून.

एमेरी जाण्याच्या महिनाभर आधी जे घडलं ते चाहत्यांच्या खात्यावरचं सर्वांत काळं पान आहे. 27 ऑक्टोबर 2019, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पुन्हा 2-0 ची आघाडी घालवून 2-2. कर्णधार ग्रानिट झाकाला बदलण्याचा इशारा झाला तेव्हा स्टेडियमने टाळ्या पिटल्या, आणि तो रमतगमत बाहेर निघाल्यावर हुर्यो उडवली. त्याने कानाला हात लावून आणखी ओरडा असं खुणावलं आणि अंगातला शर्ट काढला. त्याचं वागणं कर्णधाराला शोभणारं नव्हतंच, आणि कर्णधारपद गेलं. पण नंतर त्याने सांगितलं की लोकांनी त्याचे पाय तोडण्याच्या, बायकोला मारण्याच्या धमक्या दिल्या होत्या, आणि तान्ह्या मुलीला कर्करोग व्हावा असं लिहून पाठवलं होतं. याला तिकिटाच्या पैशांतून मिळालेला हक्क म्हणता येत नाही. झाका तरीही राहिला. एमेरी यांच्यानंतर आलेले मॅनेजर मिकेल आर्टेटा यांनी त्याची जागा बदलली, त्याला बचावफळीपुढच्या ओझ्यातून मोकळं करून पुढे ढकललं. मे 2023 मध्ये आर्सेनलसाठीच्या शेवटच्या सामन्यात त्याने दोन गोल केले आणि त्याच एमिरेट्सवर लोकांनी उभं राहून त्याला निरोप दिला. पुढच्या वर्षी तो लेव्हरकुसेनकडून एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकला. म्हणजे दहा वर्षं ज्या जागेवर माणूस हवा होता तिथे चुकीचा माणूस उभा केला, आणि शिव्या त्या माणसाला घातल्या.

आर्टेटा यांच्याबाबतीत चाहत्यांचा अंदाज सपशेल चुकला. डिसेंबर 2020 मध्ये 14 सामन्यांत 14 गुण आणि पंधरावं स्थान अशी अवस्था होती, त्यांना काढा अशी मागणी जोरात होती. पण त्या हंगामाच्या शेवटी हिशेब काय निघाला? 39 गोल बसले. सिटी आणि चेल्सी सोडून आर्सेनलपेक्षा कमी गोल कोणावरच झाले नव्हते. संघ आठवा आला तो गोल करता न आल्यामुळे. ओरड मात्र जुन्या सवयीने बचावावरही चालू होती. कोविडमुळे तेव्हा स्टेडियम जवळपास रिकामी होती, आणि माझं ठाम मत आहे की भरलेल्या एमिरेट्ससमोर आर्टेटा यांनी तो हिवाळा काढला नसता. ऑगस्ट 2021 मध्ये पहिले तिन्ही सामने हरून, एकही गोल न करता, आर्सेनल तळाला गेलं तेव्हाही क्लबने त्यांना हात लावला नाही.

दुरुस्ती बाजारातून झाली आणि सरावातूनही. बचावपटू बेन व्हाइटला 5 कोटी पौंड देऊन घेतल्याबद्दल आणि सलग दोन वर्षं दोन वेगवेगळ्या संघांसोबत खालच्या श्रेणीत घसरलेला गोलरक्षक अ‍ॅरन रॅम्सडेल आणल्याबद्दल क्लबची टवाळी झाली. 2019 मध्ये घेतलेला सेंटर-बॅक विल्यम सलिबा तीन वर्षं बहुतेक काळ फ्रान्समध्ये उसना फिरत राहिला, यावरही चाहते चिडले. ही चिडचिड योग्य होती, कारण आल्यावर तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सरस निघाला. मार्च 2023 मध्ये त्याची पाठ दुखावली आणि लीगच्या शिखरावर असलेल्या संघाने लिव्हरपूल, वेस्ट हॅम आणि साउदॅम्प्टनविरुद्ध ओळीने तीन बरोबऱ्या केल्या, सात गोल खाऊन. त्या वर्षी 43 गोल बसले. उन्हाळ्यात साडेदहा कोटी पौंडांचा डेक्लन राइस आला, बचावफळीच्या पुढे उभा राहिला, आणि 2023-24 मध्ये 43 चे 29 झाले. लीगमधला सर्वांत कमी आकडा. सलिबा 38 पैकी 38 सामने खेळला, सेंटर-बॅक गॅब्रिएल त्याच्या जोडीला होताच, हेही खरं; सगळं श्रेय राइसला देणं म्हणजे जुनीच चूक उलट्या बाजूने करणं. तरी गिल्बर्टो आणि फ्लॅमिनी गेल्यापासून पंधरा वर्षं नीट न भरलेली जागा भरल्यावर काय होतं, ते दिसलं.

2024-25 मध्ये आर्सेनलवर 34 गोल झाले, पुन्हा लीगमध्ये सर्वांत कमी. संघ सलग तिसऱ्यांदा दुसरा आला आणि चाहत्यांनी नवी तक्रार सुरू केली: पुढे गोल कोण करणार? विजेत्या लिव्हरपूलने 86 गोल केले होते, आर्सेनलने 69. या खेपेला बोट अचूक जागी होतं. जुलै 2025 मध्ये क्लबने स्पोर्टिंग लिस्बनकडून व्हिक्टर ग्योकेरेस हा स्ट्रायकर विकत घेतला.